पाय भाजणारी गाडी

"अर्धा तास गाडी चालवली की पाय भाजतो हो दादा. ती चिकटवायची शीट लावून घेतली, तरी तेच," काकू म्हणाल्या. उष्णता अडवायला कार्पेटखाली वर्षापूर्वी दुसऱ्या गॅरेजात लावलेली शीट काढून नवी, जाड शीट लावा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली. सीटखालून एअरबॅगचं पिवळं कनेक्टर जातं, म्हणून काही मिनिटं थांबलो आणि मग सीट आणि कार्पेट उचललं. शीटचा कोपरा धरला, तर सगळी शीट हातात आली. गोंदावर मातीचा थर होता. पत्रा न पुसताच लावली होती. त्यात ती डांबरी, तापली की मऊ पडणारी आणि वास सोडणारी. आणि पाणी निघून जायच्या बुचावरूनही ती सरळ ओढून घेतलेली. खाली ओल अडकून पत्र्याला गंज धरला होता. अशा कामाचा मला मनापासून राग येतो.

पण नुसती शीट सुटली म्हणून पाय भाजेल? मला पटेना. सीट तात्पुरती बसवून एक फेरी मारली आणि उघड्या पत्र्यावर इन्फ्रारेड, म्हणजे न टेकवता तापमान मोजणारा, थर्मामीटर धरला. ८४ अंश!

गाडी लिफ्टवर घेतली आणि उलगडा झाला. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणजे इंजिनाचा धूर स्वच्छ करणारा भाग. त्याच्या वर असणारी कंपनीची हीट शील्ड, म्हणजे धग अडवणारा पत्रा, तिथे नव्हतीच. बोल्टांची भोकं तेवढी रिकामी. विचारल्यावर काकूंना आठवलं, सायलेन्सरचं काम करताना "खडखडतोय" म्हणून कुणीतरी एक पत्रा काढून टाकला होता. कन्व्हर्टर चालत्या गाडीत कित्येकशे अंशांपर्यंत तापतो, आणि ती धग थेट पायाखालच्या पत्र्यावर येत होती. आतून कितीही जाड शीट लावली असती, तरी मूळ कारण खाली तसंच राहिलं असतं. चिकटवायची शीट कन्व्हर्टरजवळ लावताही येत नाही, गोंद टिकत नाही. तिथे धातूची शील्डच हवी, तीही मध्ये हवेची पोकळी सोडून.

शील्ड मागवून बसवली. गंज घासला, प्रायमर मारला, तो वाळायला रात्र गेली. सकाळी पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसला आणि फॉइल लावलेली ब्यूटाइल (एक प्रकारचं रबर) शीट रोलरने दाबत बसवली. कडा जास्त दाबल्या, सुटायला सुरुवात तिथूनच होते. बुचं आणि सीटबेल्टचे बोल्ट मोकळे ठेवले. शीटवर फोमचा थर टाकायचा होता, कारण कार्पेट टेकलं की फॉइलच्या चकाकीचा उपयोग उरत नाही, थराची जाडीच कामाला येते. पण त्याआधी पुन्हा तेवढीच फेरी मारली.

थर्मामीटर ३४ दाखवू लागला. काकू खूश झाल्या. मी मात्र फॉइलवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवला, थोडा वेळ थांबलो आणि त्यावर मोजलं. ५१.

"अहो, वाढलं की!" काकू म्हणाल्या.

वाढलं नव्हतं. चकचकीत धातू स्वतःची उष्णता फारशी बाहेर टाकत नाही, आजूबाजूची परावर्तित करतो. थर्मामीटर तीच वाचतो आणि आकडा कमी दाखवतो. काळी टेप खरा आकडा देते. ८४ वरून ५१, हेसुद्धा समाधानाचंच काम होतं, आणि अजून फोम बाकी होता.

जॉबकार्डवर मी ५१ लिहिलं. खाली सूचना लिहिली: हीट शील्ड खडखडली तर क्लॅम्प लावून घ्या, काढू देऊ नका.