फ्रिजची घरघर

मंगळवार, रात्र

आजचा अख्खा दिवस चौदा सेकंदांच्या एका सीनमध्ये गेला. डायलॉग एडिटिंगचं प्रॅक्टिकल होतं: स्वयंपाकघरातलं नवरा-बायकोचं भांडण, तीन टेकमधून जोडायचं. मी मोठ्या हुशारीने वाक्यांमधला सगळा कचरा उडवला. श्वास, खुर्चीची करकर, कुणाचं तरी खाकरणं. टाइमलाइन अगदी चकाचक! ऐकवलं तेव्हा मात्र प्रत्येक वाक्याआधी कुणीतरी खिडकी उघडतंय आणि वाक्य संपलं की आपटतंय, असं वाटत होतं. सर एवढंच म्हणाले, "यांची खोली कुठे गेली?"

खोली म्हणजे रूम टोन. शूटिंगच्या वेळी सगळ्यांना गप्प उभं करून त्या जागेचा रिकामा आवाज तीस सेकंद, जमलं तर मिनिटभर रेकॉर्ड करून ठेवायचा असतो. या सीनचा कुणी केलाच नव्हता. मग टेकमधल्या फटी शोधत बसले. 'अ‍ॅक्शन' म्हटल्यावर पहिलं वाक्य येईपर्यंतचा क्षण सगळ्यात कामाचा. पण एकच तुकडा लूप केला की त्यातली बारीकशी टिकटिक दर दोन सेकंदांनी डोकं वर काढते, आणि एकदा ऐकू आली की कान दुसरं काही ऐकतच नाही. म्हणून वेगवेगळे तुकडे, प्रत्येक सांध्यावर क्रॉसफेड, म्हणजे एक तुकडा विरत असतानाच पुढचा हळूहळू चढवायचा.

त्यात दुसऱ्या टेकमध्ये फ्रिज चालू, बाकीच्या दोन्हींत बंद. (फ्रिज बंद करणाऱ्याने स्वतःच्या गाडीची किल्ली आत ठेवायची, म्हणजे घरी जाताना तो पुन्हा चालू करायचं विसरत नाही. ही युक्ती मला फार आवडली.) घरघर काढायला गेले तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा व्हायला लागला. शेवटी उलट केलं: तीच घरघर सगळ्या सीनखाली पसरली. जोड गायब!

श्वासही परत आणले. तिसऱ्या वाक्याआधीचा श्वास कापल्यावर बाई चिडलेली वाटतच नव्हती, नुसती पाठ केलेलं बोलत होती.

गुरुवारी हाच सीन रेडिओसाठी करायचाय. तिथे चित्र नाही, म्हणजे नवरा उठून गेला हे कळायला ती खुर्चीच लागणार. करकर शोधून वेगळ्या ट्रॅकवर ठेवली आहे.

आता झोपायचंय, पण आमच्या फ्रिजचा आवाज थोडा वरच्या सुरात आहे.