कोर्टाने दिलेले समाजसेवेचे तास कुठे भरायचे?

मला कोर्टाने शिक्षा म्हणून समाजसेवेचे तास दिले. आदेशाच्या कागदावर तास किती, मुदत कधीपर्यंत, काम बिनपगारी आणि शेवटी पूर्ततेचा दाखला दाखल करायचा, एवढं सगळं होतं. काम करायचं कुठे, हे मात्र नव्हतं. वकिलांना विचारलं तर म्हणाले, "जागा तुम्हालाच शोधायची आहे. फक्त काम सुरू करण्याआधी प्रोबेशन ऑफिसरकडून, म्हणजे अशा शिक्षेवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडून, मंजुरी घ्या." प्रकरण वाहतुकीचं होतं, त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. ज्यांच्या हातात असा कागद आहे आणि कुणाला विचारायचीही चोरी वाटते, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

सगळीकडे असं नसतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये ही शिक्षा १९७२च्या कायद्याने आली. आज तिथे ४० ते ३०० तास देता येतात आणि कुणाला कुठल्या कामावर पाठवायचं हे प्रोबेशन खातं ठरवतं. भारतात १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हा सामुदायिक सेवा सर्वसाधारण फौजदारी कायद्यात शिक्षा म्हणून पहिल्यांदा आली. तीही मोजक्याच गुन्ह्यांसाठी, उदाहरणार्थ दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन, बदनामी, किंवा ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची पहिलीच चोरी आणि माल परत केलेला असेल तर. किती तास आणि कुठे, हे संहितेत लिहिलेलं नाही, ते न्यायालय ठरवतं. आणि जिथे शोधाशोध आपल्यावरच सोडलेली असते, तिथे खरी दमछाक तासांपेक्षा जागा मिळवण्यात होते.

ऑफिसरबाईंनी संस्थांची एक यादी दिली. त्यातले काही नंबर बंद होते, काहींनी असे लोक घेणं थांबवलं होतं. मग मी मोठ्या, नावाजलेल्या ठिकाणांना फोन केले. रुग्णालयाला आधी आरोग्य तपासणी, मग प्रशिक्षण आणि त्यानंतर कित्येक महिने नियमित येण्याची हमी हवी होती. माझी मुदत त्याआधीच संपली असती. प्राण्यांच्या निवाऱ्यात स्वयंसेवकांचीच प्रतीक्षा यादी होती. वाचनालयाला चारित्र्य पडताळणीचा अहवाल हवा होता. वृद्धाश्रमाने कोर्टाचं नाव निघताच नाही सांगितलं. त्या दिवशी वाईट वाटलं, पण आता त्यांची बाजू कळते. ज्यांची जबाबदारी त्यांच्यावर आहे ती माणसं स्वतःचं रक्षण करू शकत नाहीत, म्हणून ते सावध राहणारच.

बरेच नकार पचवल्यावर लक्षात आलं की बहुतेक ठिकाणी अडचण माझी नव्हतीच. कोर्टाच्या तासांसाठी कुणीतरी जबाबदार माणूस समोर लागतो. तो वेळ लिहितो, सही करतो, आणि उद्या कोर्टाने फोन करून विचारलं तर उत्तरही त्यालाच द्यावं लागतं. लहान संस्थेत असा मोकळा माणूस नसतो. तेव्हापासून मी फोन लावला की "स्वयंसेवकांचं काम कोण बघतं?" एवढंच विचारायची आणि त्या व्यक्तीशी बोलणं झालं की एका दमात सांगायची: "मला कोर्टाच्या आदेशाने तास पूर्ण करायचे आहेत, प्रकरण वाहतुकीचं आहे, मारामारी किंवा चोरीचं नाही, आदेशाची प्रत पाठवते. तुमच्याकडे तासांवर सही कोण करू शकेल?" नकार असला तर तो लगेच मिळतो, दोघांचाही वेळ वाचतो. काही जण सुचवतात की साधे स्वयंसेवक म्हणून जा आणि नंतर कागद पुढे करा. तसं मुळीच करू नका. समोरच्या माणसाला फसवल्यासारखं वाटतं, आणि मंजुरीआधी केलेले तास धरले जातीलच याची खात्री नसते.

होकार मिळाला तो अन्नधान्य वाटप केंद्रातून. जिथे हातांचं काम कधी संपत नाही अशा ठिकाणी आधी विचारायला हवं, असं माझं मत आहे: धान्यवाटप, दान आलेल्या कपड्यांची वर्गवारी, उद्यानांची साफसफाई. उद्यानांचं काम शनिवार-रविवारी असतं, नोकरी करणाऱ्यांना ते सोयीचं पडतं, पण पाऊस आला की रद्द होतं आणि तास तसेच राहतात. मुदत जवळ आली असेल तर नुसतं त्याच्यावर विसंबू नये.

केंद्रात मला हवाबंद अन्नाचे पत्र्याचे डबे तपासायला बसवलं. तिथल्या ताईंनी पहिल्याच दिवशी डब्याच्या कडेवरून, जिथे झाकण आणि पत्रा जोडलेला असतो, अंगठा फिरवून दाखवला. मधल्या भागात हलकासा पोचा असेल तर चालतो. जोडावर पोचा आला असेल, गंज खोलवर गेला असेल किंवा डबा फुगला असेल तर सरळ बाजूला, कारण आतलं अन्न विषारी झालेलं असू शकतं. मग तारीख वाचायची आणि खोक्यात ठेवायचं. कोर्टाकडून आलेली म्हणून माझ्याशी कुणी वेगळं वागलं नाही. काम नीट आहे ना, एवढंच ताई बघत. अशी माणसं आपल्या वेळेतून आपल्यासाठी सही करतात, त्यांचे उपकार मला फार मोठे वाटतात.

हजेरीच्या कागदावर तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, काम आणि सही असे रकाने होते. सही रोजची रोज घ्यायची, आठवड्याची एकदम घ्यायची नाही. जाण्यायेण्याचा वेळ धरत नाहीत, जेवणाची सुट्टीही बहुतेक ठिकाणी वजा होते. सुरुवातीची माहिती-बैठक धरणार का, हे आधी विचारून ठेवावं. नातेवाइकाच्या संस्थेत केलेलं काम सहसा चालत नाही, आणि नफ्यावर चालणाऱ्या धंद्यातलंही. पैसे घेऊन ऑनलाइन तास "पूर्ण करून देणारे" भेटतात. त्यांचे दाखले अनेक कोर्टं मानत नाहीत. पैसे जातात आणि तास बाकीच राहतात. मुदतीत होणार नाही असं दिसलं तर तारीख उलटायच्या आत अर्ज करावा. सोबत भरलेल्या तासांचा कागद आणि नकारांची नोंद जोडली की प्रयत्न केल्याचं दिसतं. मी प्रत्येक फोनची तारीख आणि बोललेल्या माणसाचं पद वहीत लिहून ठेवत होते.

दाखला संस्थेच्या लेटरहेडवरच घेतला. त्यावर माझं नाव, प्रकरण क्रमांक, एकूण तास, कधीपासून कधीपर्यंत, कामाचं स्वरूप, सही आणि फोन नंबर होता. मूळ प्रत कोर्टात दिली, एक ऑफिसरबाईंना, एक वकिलांना. माझ्या प्रतीवर "मिळाले" असा तारखेचा शिक्का मारून घेतला आणि ती आदेशासोबत एकाच फाइलमध्ये लावली.