सात, आठ, नऊ, दहा

आमच्या अण्णाने, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाने, दुकानाची नवी व्हिजिटिंग कार्डं छापून घेतली. आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जादा होता. मी बापडा छापखान्याची चूक दाखवायला गेलो. “चूक नाही रे, पैसे देऊन घातलाय,” अण्णा म्हणाला. आधी नावाची बेरीज आठ येत होती, आठ म्हणजे शनी. आता ती नऊवर गेली. पीव्हीसी पाइप आणि नळाच्या तोट्या विकणाऱ्याला मंगळ कसा उपयोगी पडतो ते मी विचारलं नाही. घरातली माणसं जपावी लागतात.

पण हिशोब मला काही पटेना. इंग्रजी अक्षरांना आकडे कोणीतरी कोष्टक मांडून वाटलेले. त्या अक्षरांनी कधी उधारीची वही लिहिलेली नाही. ग्रीकांचं तसं नव्हतं. अलेक्झांडरनंतरच्या ग्रीक जगात अक्षर हाच आकडा होता. अल्फा म्हणजे 1, बीटा 2, आयोटा 10, कॅपा 20, ऱ्हो 100, ओमेगा 800. अक्षरं चोवीस आणि जागा सत्तावीस, म्हणून लिहिण्यातून बाद झालेली तीन म्हातारी अक्षरं फक्त 6, 90 आणि 900 लिहिण्यासाठी नोकरीवर ठेवली होती. आपल्या मुळाक्षरांच्या तक्त्यात ङ आणि ञ असेच हजेरीपुरते उभे असतात. त्यांना निदान हिशोबाचं काम तरी मिळायला हवं होतं.

अशा भाषेत कोणताही शब्द लिहिला की ती आपोआप एक रक्कम व्हायची. वाण्याच्या पाटीवरची अक्षरं आणि प्रेयसीच्या नावातली अक्षरं एकच. मग लोकांना खेळ सुचणारच. इसवीसन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या पाँपेई या रोमन शहराच्या एका भिंतीवर कोणीतरी ग्रीकमध्ये खरडून ठेवलंय: जिचा आकडा 545, तिच्यावर माझं प्रेम आहे. शाळेच्या बाकावर कर्कटकाने बदाम कोरून आत नुसतं आद्याक्षर घालणाऱ्या पोराचीच ही जात. सांगायचं तर आहे, पण तिच्या भावाला कळायला नको. आता 545 बेरजेची नावं कितीतरी निघतील, त्यामुळे गडी अजून सुरक्षित आहे.

रोममध्ये हाच खेळ अंगाशी येण्याजोगा होता. नीरोने स्वतःच्या आईला मारवलं, तेव्हा गावात एक ओळ फिरू लागली. ग्रीकमध्ये ‘नीरो’ची बेरीज 1005 होते, आणि ‘स्वतःच्या आईला मारलं’ या शब्दांचीही 1005. मी कागदावर मांडून पाहिली. 75, 454 आणि 476. बरोब्बर.

हे सगळं वाचता वाचता मला एक ग्रीक शब्द सापडला आणि तो काही केल्या डोक्यातून जाईना. शब्द आहे ‘झेथि’. अर्थ: जग. दुनियावालं जग नव्हे, आज्ञार्थी. जग की रे!

याची बेरीज 34 होते, पण गंमत बेरजेत नाहीच. त्याची चार अक्षरं झीटा, ईटा, थीटा, आयोटा. म्हणजे 7, 8, 9, 10. ओळीने. एकही आकडा गाळलेला नाही, इकडचा तिकडे केलेला नाही. त्या काळी सूर्योदय ते सूर्यास्त दिवसाचे बारा तास करत. उन्हाळ्यात तास लांबायचे, थंडीत आखडायचे, पण सहावा तास संपला की माध्यान्ह, हे बारा महिने ठरलेलं. हे तास अक्षरांनी मोजायचे. त्यावर कोणा चतुर ग्रीकाने दोन ओळी रचल्या. त्यांचा भावार्थ असा: कष्टाला सहा तास पुष्कळ झाले; पुढचे चार, अक्षरांत दाखवले की माणसाला म्हणतात, ‘झेथि’.

इथे कोणी कोष्टक बसवलेलं नाही, स्पेलिंगला टेकू दिलेला नाही. अक्षरांचा क्रम ठरला तेव्हा तासांशी कोणाचं काही देणंघेणं नव्हतं. एक दिवस कोणीतरी सूर्यघड्याळाची सावली सातवर पाहिली, मग आठ, नऊ, दहा, आणि मनातल्या मनात मोजता मोजता त्याला वाचता आलं. त्या क्षणी तो एकटाच हसला असणार. शेजारी सांगावं असं कोणी असेल तर बरं.

तासाला ग्रीकमध्ये शब्द ‘होरा’. हो, तोच, आपल्या पंचांगातला. मूळ अर्थ ऋतू, मग योग्य वेळ, मग तास. वेळेवर पिकलेलं ते ‘होराइओस’, आणि आजच्या ग्रीक बोलीत त्याच शब्दाचा अर्थ झालाय सुंदर. आंब्याच्या पेटीशी बसून बोटाने चाचपणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही.

आपल्याकडे हा शब्द ग्रहगणितासोबत आला. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहज्जातकात म्हटलंय की काहींच्या मते ‘अहोरात्र’ शब्दाचं पहिलं आणि शेवटचं अक्षर उडवलं की ‘होरा’ उरतो. काय बेमालूम बसतंय बघा! जावई परगावचा, पण त्याचं गोत्र आपल्यातच काढून दिलं. वाराचा क्रमही याच होऱ्यांनी लावलेला आहे. शनिवारचा पहिला होरा शनीचा, मग गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र, की पुन्हा शनी. असे दिवसरात्रीचे चोवीस मोजले की पंचविसावा, म्हणजे दुसऱ्या दिवसाचा पहिला, येतो रवीचा, म्हणून शनिवारनंतर रविवार. स्वयंपाकघरात दुधाच्या खाडाखोडीने भरलेलं कॅलेंडर टांगलेलं असतं, त्यातला प्रत्येक आठवडा या मोजणीवर चालतो. आणि मराठीने तर कमाल केली. ‘कांदा चढेल असा व्यापाऱ्यांचा होरा आहे’ असं आपण पेपरात वाचतो, तिथे होरा म्हणजे नुसता अंदाज. ऋतूपासून निघालेला शब्द कांद्याच्या भावापर्यंत आला.

हे सगळं अण्णाला सांगावं म्हणून मी त्याचं कार्ड काढलं. फोन नंबर शोधताना खालच्या ओळीकडे पहिल्यांदाच नीट लक्ष गेलं. बारीक टायपात, पुणेकराला साजेल अशा ठामपणे: दुपारी 1 ते 4 बंद.

मी पुन्हा कागद ओढला. आपली घड्याळं प्रमाणवेळेची. पुण्यात सूर्य खरा डोक्यावर येतो तो साडेबाराच्या आसपास. तिथे सहावा होरा संपला. तिथून चार होरे मोजले की साडेचार. म्हणजे वरती पैसे देऊन घातलेला ‘ए’, आणि खाली फुकटात, एकाही ज्योतिषाला न विचारता, जवळजवळ अख्खं ‘झेथि’ छापलेलं.

मला राहवेना. लगेच फोन लावला. बराच वेळ वाजला, मग वहिनींनी उचलला.

“भाऊजी, अडीच वाजलेत,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “झोपलेत ते. चारनंतर करा.”