गृहपाठ केला होता, दिला नव्हता

सहामाहीची निकालपत्रकं लिहिताना एका मुलाच्या नावापाशी मी अडलो. लेखी परीक्षेत बऱ्यापैकी गुण, तोंडीला चटपटीत उत्तरं, आणि गृहपाठ-प्रकल्पाच्या रकान्यात जवळजवळ सगळ्या विषयांना शून्य. विज्ञानाच्या बाईंचा शेरा होता, 'काहीच देत नाही.' भूगोलाच्या सरांनी तेच जरा कडक शब्दांत लिहिलं होतं. मुलगा नुकताच प्राथमिक संपवून सहावीत आलेला. मी वर्गशिक्षक, तेव्हा आईला बोलावणं आलंच.

आई तयारीनेच आल्या होत्या. "सर, मी रोज समोर बसवून अभ्यास करून घेते. तो देत नाही असं कसं होईल?" मुलगा शेजारी उभा राहून बुटांकडे बघत होता. अशा बैठकीत घर खरं की शाळा खरी असा वाद रंगतो आणि खापर शेवटी मुलाच्या डोक्यावर फुटतं. त्यात पडायचं नव्हतं म्हणून मी त्याला म्हटलं, "दप्तर टेबलावर रिकामं कर बघू."

इतिहासाच्या पुस्तकातून विज्ञानाची कार्यपत्रिका निघाली, चार घड्या घातलेली, पूर्ण सोडवलेली. गणिताची दोन सुटी पानं निघाली; एकावर बाटलीतलं पाणी सांडून शाई पसरली होती, पण उत्तरं बरोबर होती. सगळ्यात खाली, कंपासपेटीच्या वजनाखाली, पेन्सिलीच्या सालपटांनी माखलेला भूगोलाचा नकाशा. नद्या निळ्या, डोंगर तपकिरी, अक्षर सुबक. फक्त स्वतःचं नाव कुठे नव्हतं.

"अरे, याच्यासाठी तर आपण रात्री अकरापर्यंत जागलो होतो! दिला का नाहीस?"

"सरांनी मागितलाच नाही."

आई चिडल्या, पण मला ते उत्तर पटलं. प्राथमिकला दिवसभर एकच बाई असतात. 'काढा वह्या' म्हणून त्या बाकांमधून फिरतात आणि स्वतः गोळा करतात. इथे तासातासाला माणूस बदलतो. भूगोलाचे सर सोमवारी सांगतात, 'गुरुवारी माझ्या टेबलावर ठेवा,' आणि पुढच्या वर्गावर निघून जातात. गुरुवारी ते आठवायचं काम मुलाचं. नियोजन सांभाळणारा मेंदूचा पुढचा भाग तर विशी ओलांडली तरी घडतच असतो. अकरा वर्षांच्या पोराने सहा-सात शिक्षकांच्या तारखा डोक्यात ठेवाव्यात ही अपेक्षाच चुकीची. त्या कागदावर हव्यात.

आणि कागदावर त्या होत्याही. त्याची रोजनिशी उघडली तर सोमवारच्या पानावर नीट लिहिलेलं: 'भूगोल, नकाशा.' गुरुवारचं पान मात्र कोरं. गृहपाठ मिळाला त्या दिवशी लिहायचा हे त्याला कुणीतरी शिकवलं होतं आणि तो इमानाने पाळत होता. मी सांगितलं, "द्यायचा असेल त्या दिवसाच्या पानावर लिही. आदल्या दिवसाच्या पानावर लिही, 'दप्तरात ठेव.' काम मोठं असेल तर मधल्या पानांवर तुकडे पाड: आज आराखडा, उद्या रंग." मग त्यानेच एक गोष्ट सुचवली. त्याच्याकडे दोन कप्प्यांचं फोल्डर होतं, त्यात डावीकडे करायचे कागद आणि उजवीकडे द्यायचे.

"दप्तर कोण भरतं?" मी विचारलं.

"मीच भरते," आई म्हणाल्या. "नाहीतर सकाळी गोंधळ होतो."

त्या वेळापत्रक बघून पुस्तकं भरत. सुट्या कागदांची त्यांना कल्पना असणार कशी? मी म्हटलं, उद्यापासून रात्री झोपण्यापूर्वी त्याने भरायचं, तुम्ही एवढंच विचारायचं की उजव्या कप्प्यात काय आहे. "आणि विसरला तर? शेरा मिळेल." "मिळू द्या," मी म्हणालो. "सहावीतला शेरा स्वस्तात पडतो, नववीत तो महाग जातो."

अकरापर्यंत जागण्याचं माझ्या डोक्यातून जात नव्हतं. उठतो किती वाजता, तर सहाला. म्हणजे सातच तास झोप. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या अकादमीने 2016 मध्ये 6 ते 12 वर्षांच्या मुलांसाठी 9 ते 12 तास सांगितले आहेत. "पण हा मला आदल्या रात्रीच सांगतो हो," आई म्हणाल्या. बरोबर आहे. तोवर सोमवारचं पान उलटून गेलेलं असतं. 'लवकर झोप' असं नुसतं बजावून काही होत नाही. आधी रोजनिशी सुधारावी लागते, मग झोपेची वेळ आपोआप अलीकडे येते.

राहिले ते टेबलावरचे कागद. आई उठल्या, "मी बोलते बाईंशी." मी त्यांना बसवून घेतलं. प्राथमिकमध्ये पालक बोलतात, ते ठीक. इथे शिक्षकांपुढे उभं राहून आपलं आपण सांगता आलं पाहिजे, आणि मला विचाराल तर बाकी सगळ्या सवयींपेक्षा हीच जड जाते. त्याने वाक्य माझ्यासमोर दोनदा म्हणून बघितलं: "बाई, हे मी वेळेत केलं होतं पण द्यायचं राहिलं. आता घ्याल का?" कागदांवर नावं घातली आणि शिक्षकखोलीकडे निघाला. दारापाशी घुटमळला. आईंचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता.

परत आला तेव्हा कान लाल झाले होते. विज्ञानाच्या बाईंनी अर्धे गुण द्यायचं कबूल केलं, गणिताचे दोन्ही कागद घेतले गेले. "आणि नकाशा?" "सर म्हणाले, नकाशा छान आहे. पण उशिरा आलेलं घेत नाही."

दुसऱ्या सत्रात त्याचे रकाने बरेच भरले. खेळाच्या तासाचे बूट तो अजून विसरतो, आणि रात्री उजव्या कप्प्यात डोकावल्याशिवाय आईंना राहवत नाही, असं त्यांनीच सांगितलं. भूगोलाचे सर उशिराचं काही घेत नाहीत, ही बातमी मात्र वर्गभर त्यानेच पसरवली आहे.