नायगावच्या ज्वारीत

बीड जिल्ह्यात मांजरसुंब्याला महामार्ग सोडला की पाटोद्याची वाट बालाघाटाच्या माळांवरून जाते. दगड, बोरी-बाभळी, मधेच काळ्या रानाचा तुकडा आणि त्यात उभी ज्वारी. मी निघालो होतो नायगावच्या मयूर अभयारण्याकडे. १९९४ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य जेमतेम ३० चौरस किलोमीटरचं. मोराला हद्द कुठली ठाऊक असायला? दिवस उजाडला की तो शिवारात उतरतो.

पौषातले हुरड्याचे दिवस. बांधावर एक आजी बसल्या होत्या, मांडीवर गोफण, शेजारी पत्र्याचा डबा. लेक-सून ऊसतोडीला गेलेले. दिवाळीनंतर इथं गावोगाव म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं मागं राहतात, राखण त्यांच्याच गळ्यात.

"आजी, मोर लई नासाडी करतात का?"

"करतेत की. पेरलेलं उकरून खातेत, भुईमूग तर सोडीतच न्हाईत. आता कणसाला लागलेत."

त्यांनी डबा बडवला. ज्वारीतून सहा-सात लांडोरी पळाल्या, मागून पिसारा सावरत एक मोर. गोफणीतला खडा दूर माळावर पडला. मुद्दामच.

"अंगावर न्हाई टाकीत, बाबा. अळ्या बी तोच येचतो, सापाचं पिल्लू बी सोडीत न्हाई. पेरताना मूठभर जास्तीचं पेरायचं."

औषध लावलेलं बी मात्र त्या नीट मातीआड करतात. ते उघडं राहिलं की मोर मरतात, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

मला दोडामार्ग आठवलं. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून सिंधुदुर्गात हत्ती आले, तेव्हापासून तिथल्या बागायतदारांपुढंही हाच हिशोब आहे. पण तिथं मुठीवर भागत नाही, वर्षानुवर्षं जपलेला माड एका रात्रीत आडवा होतो. त्या माणसाला 'सोसा' म्हणायचा मला अधिकार नाही. आजींनाही मी तसं म्हणू शकत नाही. मोर सगळ्या देशाचा आहे, पण त्याच्या पोटात जाणारी ज्वारी या एका घरची आहे, आणि ते घर सहा महिने कोयता घेऊन परमुलखात राबतं.

ऊन कललं. एकेक मोर लिंबाच्या फांदीवर चढला, केका घुमायला लागली. आजींनी डबा उचलला, गोफण कमरेला खोचली.

"चला. तांबडं फुटायच्या आत परत यावं लागतंय."