ऊन, घाटातला पाऊस आणि खिंडीतला गारठा एकाच बाइक ट्रिपमध्ये: ओव्हरपँट कशी निवडायची

सकाळी तापलेला सपाट हायवे, दुपारनंतर घाटात पाऊस आणि त्याच्या पुढे उंच खिंडीत बोटं आखडतील असा गारठा, असा रूट असला की लोक जॅकेट आणि हेल्मेटवर खूप डोकं लावतात आणि पँट शेवटी उरलेल्या बजेटमध्ये बसेल ती घेतात. पडताना गुडघा आणि कंबरेची बाजू आधी रस्त्याला लागते हे माहीत असूनसुद्धा. आम्ही तिघं नुकतेच अशाच रूटवरून आलो आणि तिघांच्या तीन वेगवेगळ्या प्रकारच्या पँटा होत्या, त्यामुळे एकाच उन्हात आणि एकाच पावसात कोणती कशी वागते ते शेजारीशेजारी बघायला मिळालं. पुढे जाणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितोय.

माझ्याकडे जाड टेक्स्टाइलची ओव्हरपँट, म्हणजे आतल्या कपड्यांवरून घालायची पँट होती, कंबरेपासून घोट्यापर्यंत दोन्ही बाजूंना पूर्ण झिप, मांडीवर जाळीचे व्हेंट, आत वॉटरप्रूफ थर अजिबात नाही, पावसासाठी वेगळी रेनपँट. दुसऱ्या मित्राची तीन थरांची, म्हणजे बाहेरून टेक्स्टाइल, आत झिपने लागणारं वॉटरप्रूफ अस्तर आणि त्याच्याही आत थंडीचं अस्तर. तिसऱ्याची लॅमिनेट, ज्यात वॉटरप्रूफ पडदा बाहेरच्या कापडालाच चिकटवलेला असतो.

आधी ऊन. सपाटीवर दुपारी लॅमिनेटवाला सगळ्यात जास्त त्रासला. कापड श्वास घेतं असं लिहिलेलं असतं, पण तो पडदा घामाची वाफ बाहेर सोडतो ती आत जास्त गरम आणि दमट असेल आणि बाहेर थंड आणि कोरडं असेल तेव्हा. बाहेरच उकडत असेल तर वाफ जाणार कुठे? गार हवेत हीच पँट फार छान चालते, म्हणून गरम प्रदेशात ती घ्यायचीच असेल तर मांडीवरचे व्हेंट मोठे आहेत ना आणि ते थेट अंगापर्यंत हवा देतात ना एवढं नक्की बघा, काहींमध्ये व्हेंट उघडला तरी मागे अस्तर असतंच आणि हवा तिथेच अडते.

जाळीची गंमत अशी की हवा अंगापेक्षा गार आहे तोवरच ती सुखाची. कातडीचं तापमान साधारण ३५ अंशांच्या आसपास असतं, हवा त्याच्या बरीच वर गेली की सगळे व्हेंट उघडून आपण अंगावर गरम वारा घेत असतो, घाम दिसायच्या आधीच वाळतो आणि तासाभरात डोकं जड व्हायला लागतं. अशा वेळी मी आतली पातळ टाइट्स पाण्याने भिजवून घ्यायचो आणि व्हेंट अर्धेच उघडे ठेवायचो, पाणी हळूहळू वाळतं आणि गारवा बराच वेळ टिकतो. पाणी पीत राहायचं हे वेगळं सांगायला नको. आत जीन्स नको, जाड शिवणी सीटवर बसून टोचतात आणि सुती कापड घाम धरून ठेवतं. आणि हो, हवेसाठी बाजूची झिप उघडायची असेल तर वरून मांडीपाशी उघडा, दोन्हीकडून उघडणारी झिप त्यासाठीच असते. खालचं टोक मोकळं फडफडत ठेवू नका, एका बाजूला गाडीची चेन आहे आणि दुसरीकडे सायलेन्सर.

आता सेफ्टी, इथे जरा थांबून वाचा. आतल्या बाजूला शिवलेलं लेबल शोधायचं, त्यावर छोटी बाइकस्वाराची आकृती आणि ईएन १७०९२ असं लिहिलेलं असतं, २०२० पासूनचं हे युरोपियन मानक आहे. त्यात एएए, एए, ए, बी आणि सी असे वर्ग. लॅबमध्ये कापड फिरत्या यंत्रावरून काँक्रीटवर सोडून घासतात, आणि सर्वात जास्त मार लागणाऱ्या भागासाठी एएए वर्गाला साधारण १२० किलोमीटर वेगाइतक्या फिरकीत टिकावं लागतं, एए ला ७० आणि ए ला ४५. याचा अर्थ ७० च्या स्पीडने पडलात तर काही होणार नाही असा मुळीच नाही, पण दोन पँटांची तुलना करायला याच्यापेक्षा प्रामाणिक आकडा दुकानात दुसरा मिळत नाही. बी मध्ये घासण्यापासून संरक्षण असतं पण पॅड असणं सक्तीचं नाही. सी म्हणजे उलटं, फक्त पॅड जागेवर धरून ठेवणारं कपडं, घासण्यापासून त्याच्यावर भरवसा नाही. ए मध्ये गुडघ्याचे पॅड लागतातच पण कंबरेच्या बाजूचे नसले तरी चालतात, एए आणि एएए मध्ये दोन्ही हवेत. लांबच्या मिश्र रूटसाठी माझं स्पष्ट मत एए, कारण एएए बऱ्याचदा इतकी जाड आणि गरम असते की उन्हात माणूस ती काढून बॅगेला बांधतो, आणि बॅगेला बांधलेली पँट कोणाचाही गुडघा वाचवत नाही. जास्त वेगाने आणि बहुतेक थंडीतच चालवणाऱ्याने मात्र एएए घ्यावी.

पॅडचं मानक वेगळं, ईएन १६२१-१. ठरावीक जोराचा आघात करून पॅडच्या पलीकडे किती बल पोचतं ते मोजतात, लेव्हल १ ला सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत चालतं आणि लेव्हल २ ला २० पर्यंतच, म्हणजे फरक चांगलाच मोठा आहे. पुष्कळ चांगल्या पँटांमध्येसुद्धा कंपनी लेव्हल १ घालून देते आणि कंबरेचे खिसे रिकामे ठेवते, तेव्हा खिसा उघडून आत खरंच काय आहे ते हाताने काढून बघायचं. आणि वेगवेगळ्या हवेत फिरणाऱ्यांसाठी त्याच लेबलवरची एक गोष्ट कामाची आहे, जिच्याकडे कोणी बघत नाही: टी प्लस आणि टी मायनस. टी प्लस म्हणजे पॅड ४० अंशांना तपासलेलं आहे, टी मायनस म्हणजे उणे १० ला. मऊ पॅड अंगाच्या उबेने वाकतात आणि गारठ्यात कडक होतात. खिंडीच्या अलीकडे मुक्काम होता तिथे पँटा रात्रभर थंड पडवीत टांगलेल्या होत्या, सकाळी एका मित्राचे गुडघ्याचे पॅड इतके ताठ झाले होते की पाय फूटपेगवर नीट वाकेना. पँटा रात्री आत, खोलीत ठेवा, आणि घेतानाच टी मायनस बघून घ्या.

पॅड कितीही भारी असलं तरी जागेवर नसेल तर व्यर्थ. ओव्हरपँट मुळातच इतर कपड्यांवरून घालायची म्हणून सैल असते आणि त्यामुळे पॅड फिरण्याचा धोका हिच्यात जास्त. दुकानात उभं राहून आरशात बघून काहीच कळत नाही. आत जे घालणार तेच घालून जा, बूट घालून जा, गाडीवर बसा, फूटपेगवर उभे राहा, परत बसा. बसल्यावर पॅडने गुडघ्याची वाटी आणि नडगीचा वरचा भाग झाकला पाहिजे. मग तळहाताने पॅड बाजूला जोरात ढकला, वाटीवरून घसरलं तर रस्त्यावर घसरताना ते शंभर टक्के घसरणार. पॅडचा खिसा वेल्क्रोने वर खाली करता येतो का, गुडघ्याच्या खाली पट्टा आहे का, पोटरीवर घट्ट करता येते का, हे बघा. पोटरीचं का महत्त्वाचं तर घसरताना कापड वर ओढलं जातं आणि नडगी उघडी पडते. बसल्यावर पँट बुटाच्या वरच्या काठाच्या बरीच खालपर्यंत आली पाहिजे, उभ्याने थोडी लांब वाटली तरी चालेल. मागे जॅकेटला जोडणारी झिप असेल तर ती खरंच लावा, कंबर उघडी पडत नाही. खिसे किती आहेत वगैरेकडे मी तरी बघत नाही.

घाट सुरू झाला आणि पाऊस आला तेव्हा खरी परीक्षा. तीन थरवाल्याला रस्त्याच्या कडेला बूट काढून, पँट उतरवून, आत अस्तराची झिप लावून परत सगळं चढवावं लागलं असतं, धो धो पावसात हे कोण करणार, त्यामुळे तो सकाळपासूनच अस्तर लावून उन्हात उकडत आला होता. वर आणखी एक भानगड, वॉटरप्रूफ थर आत असल्यामुळे बाहेरचं कापड पाणी पिऊन जड होतं, आणि ते वाऱ्याने वाळताना अंगातली ऊब ओढून घेतं. अंग कोरडं असूनही माणूस काकडतो. लॅमिनेटवाला इथे राजा होता, काही घालायचं नाही काही काढायचं नाही, पाणी वरूनच ओघळतं. माझं काम मधलं, टपरीच्या आडोशाला दोन मिनिटं थांबून रेनपँट चढवली आणि निघालो.

रेनपँटबद्दल नीट सांगतो कारण लोक इथेच फसतात. पाणी सगळ्यात आधी शिरतं ते जांघेत. बसल्यावर मांडीवर खळगा होतो, तिथे पाणी साचतं, वरून वाऱ्याचा दाब आणि खालून सीटवर आपलं वजन. कापड किती मिलिमीटर पाण्याचा स्तंभ सहन करतं तो आकडा दिलेला असतो, बसून चालवायला १०,००० च्या खाली मी जाणार नाही, पण आकड्यापेक्षा शिवण बघा: चार शिवणी बरोबर जांघेत एकत्र येत असतील तर सोडून द्या, शिवणीवर आतून टेप चिकटवलेला असला पाहिजे. साइझ ओव्हरपँटवरून मोजायचा, जीन्सवरून नाही. खालचा भाग बुटासकट पाय जाईल इतका रुंद उघडणारा हवा, आणि ओला बूट अडकत असेल तर बुटावर गुळगुळीत प्लॅस्टिकची पिशवी चढवून पाय घाला, सर्रकन जातो. बाहेर मात्र कायम बुटाच्या वरून, आत खोचलीत तर सगळं पाणी बुटात. टाचेखालून जाणारा पट्टा असेल तर पँट वर सरकत नाही.

सायलेन्सरच्या बाजूला आतून उष्णता सहन करणारा पॅच आहे का बघा. नायलॉन आणि पॉलिएस्टर प्रकारानुसार साधारण २२० ते २६० अंशांच्या दरम्यान वितळतात आणि रेनपँटचा पातळ कोट त्याच्या आधीच चिकटतो, गरम पाइपला नुसता पाय टेकला तरी भोक पडतं. आम्हाला रस्त्यात भेटलेल्या एका रायडरच्या पोटरीवर असंच भोक होतं, तिथून बूट भरला होता. पाऊस पडायची वाट बघू नका, समोर ढग काळा दिसला की थांबून घाला, एकदा आतली पँट भिजली की वरून रेनपँट घालून फक्त ओलावा कोंडतो.

वर चढत गेलं की दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश कमी होतात, त्यात वारा. ५ अंश हवेत ८० च्या स्पीडला उघड्या कातडीला उणे ३ सारखं लागतं. आणि पायात गुडघाच वाऱ्याच्या तोंडावर असतो. पाऊस थांबला तरी मी रेनपँट काढली नाही, खिंड उतरेपर्यंत तीच वारा अडवत होती, आत लोकरीची टाइट्स, बस, एवढ्यात भागलं. लोकर किंवा पॉलिएस्टर काहीही चालेल, सुती मात्र नको, ओलं झालं की वाळत नाही. हा माझ्या मते वेगळ्या रेनपँटचा सगळ्यात मोठा फायदा, एकच वस्तू पावसालाही आणि वाऱ्यालाही, आणि ती बाहेरून घालता काढता येते.

खाली उतरल्यावर पुन्हा उकाडा. बूट न काढता दोन्ही झिपा खालपर्यंत उघडायच्या, मागचा पुढचा भाग मोकळा होतो, पँट हातात. जेवायला थांबलो की मी ती काढून ठेवायचो आणि निघताना परत घालायचो, मित्रांना हे जमत नव्हतं म्हणून ते घामाघूम होऊन तसेच बसायचे. झिप मोठ्या दात्यांची, ग्लोव्हज घालून पकडता येईल अशा टॅबची हवी, आणि तिच्यावर झाकण असलं पाहिजे ज्याने घसरताना झिप थेट रस्त्याला लागणार नाही. पूर्ण बाजूची झिप असलेली पँट घेताना लेबलवर वर्ग नक्की तपासा, कारण अशीच दिसणारी बिनवर्गाची साधी कव्हरं पण मिळतात.

ज्याचा रूट बहुतेक थंड आणि ओला आहे त्याने पैसे साठवून लॅमिनेट घ्यावी, मनापासून सांगतो. ज्याच्या वाट्याला ऊन जास्त आणि पाऊस अधूनमधून, त्याने एए वर्गाची हवेशीर ओव्हरपँट आणि वेगळी रेनपँट. आत अस्तर लावायची तीन थरांची पँट मी कोणाला सुचवणार नाही, हवा दिवसभर एकसारखी राहणार असेल तरच ती ठीक आहे.

घरी आल्यावर पॅड काढून ठेवा आणि मग पँट धुवा, सौम्य लिक्विड किंवा अशा कपड्यांसाठी मिळणारा वॉश वापरा, कपडे मऊ करणारं सॉफ्टनर अजिबात नको, त्याने वरचा पाणी झटकणारा थर मरतो. पाण्याचे थेंब वर मोत्यासारखे न थांबता कापडात पसरायला लागले की तो थर गेला असं समजा. लेबलवर परवानगी असेल तर हलक्या उष्णतेने वाळवून तो थोडा परत जागा होतो, नाहीतर स्प्रे मारायचा. पॅड परत घालताना डावं उजवं आणि वरची बाजू बघून घाला, आणि एकदा गाडीवर बसून गुडघ्यावर नीट येतंय का ते चाचपून घ्या.