दाजींचा खुराक

कपिलतीर्थ मंडईतल्या दोन-तीन मावश्या मला आता तोंडावरून ओळखतात, पण भाजी घेणारा म्हणून नाही, पाला नेणारा म्हणून. मुळा नको मुळ्याचा पाला द्या, शेंगा राहू देत शेवग्याचा कोवळा पाला असला तर बघा, असं माझं रोजचं. एकदा एकीनं विचारलंच, "शेळी बांधलीया व्हय दारात?" मी हो म्हणून टाकलं. कारण खरं सांगायला गेलं की वीस मिनिटं जातात, दहा माणसं गोळा होतात आणि त्यातला एकजण तरी "आयला, घोरपड!" म्हणतोच.

घोरपड नाही हो. घोरपड पाळली तर 1972 च्या वन्यजीव कायद्याखाली सरळ आत जाल, आणि जावंच. आमच्याकडं आहे तो बियर्डेड ड्रॅगन, ऑस्ट्रेलियाच्या मधल्या कोरड्या मुलखातला सरडा. ऑस्ट्रेलियानं आपली जनावरं अशी बाहेर विकायला कधीचीच बंदी घातलीय, त्यामुळं जगभर पाळलेले हे सगळे पिंजऱ्यात जन्मलेल्यांची पोरं-नातवंडं. शेपटीसकट पावणेदोन फूट, रंग वाळक्या मातीचा, अंगावर काटे दिसतात पण हात लावला तर मऊ, आणि गळ्याखाली एक काटेरी झालर. राग आला की ती फुगते आणि काळी कुळकुळीत होते, तीच दाढी.

आणला भाच्यानं. कोल्हापुरात आमच्याकडं राहून इंजिनिअरिंग केलं, पुण्यात नोकरी लागली, "मामा दोनच महिने सांभाळ, रूमवाला नको म्हणतोय" म्हणून काचेची पेटी, दिवे, डबे सगळं सोडून गेला त्याला आता तिसरं वर्ष. त्यानं ठेवलेलं नाव कुठल्यातरी इंग्रजी सिरियलमधलं होतं, आईच्या तोंडात बसेना. मग मीच दाजी म्हणायला लागलो. कारण सांगायलाच पाहिजे काय? हलत नाहीत, बोलत नाहीत, उंचावर बसून सगळ्यांकडं एका डोळ्यानं बघतात, आणि मान राखला नाही की दाढी फुगवतात. त्यात बसल्या जागी सगळं तोंडापुढं यावं लागतं.

तर दाजींचं जेवण.

भाच्यानं जाताना वहीच्या पानावर लिहून दिलेलं, पण ते वाचून मला एकच कळलं की हे जनावर लहानपणी एक खातं आणि मोठेपणी दुसरं. पिल्लू असताना ताटात बारा आणे किडे आणि चार आणे पाला, दिवसातून दोन-तीनदा, दहा-पंधरा मिनिटांत जेवढे खाईल तेवढे. मोठं झालं की बरोबर उलटं, बारा आणे पाला रोज आणि किडे आठवड्यातून दोन-तीन वेळा, तेही मोजून. वाढीच्या वयात प्रोटीन लागतं, वाढ थांबली की तेच प्रोटीन आणि चरबी अंगावर बसते. हे मला तरी कुणी वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती, कोल्हापूरचा माणूस आहे मी. आमच्या पेठेत प्रत्येक गल्लीत एक असा माजी पैलवान आहे की ज्याचा आखाडा वीस वर्षांपूर्वी सुटला पण खुराक सुटला नाही. जोर-बैठका बंद, दूध-तूप-थंडाई चालू. त्याचं पुढं काय होतं ते सगळ्यांनी बघितलंय.

पण आईला हे पटणं शक्य नव्हतं. आईचं म्हणणं, घरात आलेलं जनावर भरल्या पोटानं झोपलं पाहिजे. आमच्याकडं माणूस दारात आला की आधी "जेवलास काय?" आणि मग "काय काम काढलंस?" त्या बाईपुढं मी वाटीत चार पानं, दोन भोपळ्याचे किसलेले तुकडे ठेवतो आणि म्हणतो झालं जेवण. "एवढ्यानं काय हुतंय रं त्येचं? मुंगीचं पोट न्हाई ते."

आधी किड्यांचं सांगतो कारण घरातलं सगळं महाभारत तिथंच झालं. किडे बाहेरचे चालत नाहीत, म्हणजे उसाच्या-भाताच्या रानातला नाकतोडा बघायला कितीही गुटगुटीत दिसला तरी त्याच्या अंगावर काय फवारलंय आणि पोटात कसले जंत आहेत देव जाणे, म्हणून पाळलेलेच लागतात. मीलवर्म, सुपरवर्म ह्या अळ्या, डुबिया नावाची झुरळं (ही उडत नाहीत आणि गुळगुळीत भिंतीवर चढत नाहीत, तरी बायकोनं "झुरळं आली तर मी माहेरी" सांगितल्यामुळं तो विषय मिटला). अळ्या घरीच वाढवायच्या, त्यांना गव्हाचा कोंडा लागतो. गिरणीतून कोंडा आणायचा, चाळायचा, डब्यात घालायचा, वर गाजराचा तुकडा पाण्यापुरता. हे काम आईकडं आलं. सत्तर वर्षं जिनं धान्यातून किडे निवडून बाहेर टाकले ती आता किड्यांना निवडून धान्य घालते, आणि वर आम्हालाच सांगते की जाडा कोंडा आणू नका त्यांना पचत नाही. किड्यांना द्यायच्या आदल्या दिवशी चांगलं खायला घालायचं असतं, कारण किड्याच्या पोटात जे आहे तेच शेवटी दाजींच्या पोटात. पाहुण्याला कापायच्या कोंबडीला आधी चार दिवस दाणे टाकतात, तसंच की.

मग कॅल्शियम. किड्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी, आणि अन्नात कॅल्शियम हे फॉस्फरसच्या साधारण दुप्पट पाहिजे, नाहीतर शरीर स्वतःच्या हाडातलं काढून वापरायला लागतं. जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, फार वाईट दिसतं ते. म्हणून पिशवीत अळ्या घ्यायच्या, चिमूटभर कॅल्शियमची पावडर टाकायची आणि चिवड्याला मसाला लावतात तशी पिशवी हलवायची. बरं नुसतं कॅल्शियम देऊन भागत नाही, ते अंगी लागायला डी थ्री व्हिटॅमिन पाहिजे आणि त्याला यूव्हीबीची, म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांची, ट्यूब पाहिजे, जी दिसायला पेटत असली तरी सहा महिने-वर्षात आतून म्हातारी होते आणि बदलावी लागते. काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही, काच नेमकं तेवढंच अडवते. आईला यातलं यूव्हीबी वगैरे काही कळलं नाही पण "कोवळ्या उन्हात न्यायचं" हे लगेच कळलं, कारण आम्हा दोन्ही भावंडांना तिनं तेल लावून तसंच गच्चीवर टाकलेलं. आता सकाळी आठला दाजी गच्चीवर, आणि आई शेजारी पाटावर बसून कावळे हाकलते.

पाल्याचं राजकारण वेगळंच. मला वाटायचं हिरवं ते सगळं चांगलं. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. आंबट चुका नकोच. लेट्यूसमध्ये नुसतं पाणी. कांदा-लसूण नाही, ॲव्होकॅडो तर विषच, पण आमच्याकडं तो कुणी विकतही घेत नाही म्हणून निर्धास्त. मग चालतं काय तर मुळ्याचा, मोहरीचा पाला, शेवग्याचा पाला, लाल भोपळा, आणि दारातल्या जास्वंदीची फुलं. जास्वंद हा दाजींचा खरा वीक पॉइंट. लाल फूल दिसलं की बारा तास दगडासारखा बसलेला हा प्राणी पळत येतो, चक्क पळत. गणपतीला रोज एक फूल असायचं, आता अर्धा वाटा इकडं, आई म्हणते देवाला चालतंय.

अजून एक म्हणजे ह्यांचं पोट स्वतःच्या जाळावर चालत नाही, सरपण बाहेरून. दिव्याखालची जागा चाळीस डिग्रीच्या आसपास तापली तरच पचन होतं, नाहीतर खाल्लेलं तसंच आत पडून राहतं, कुजतं. म्हणून दिवा बंद व्हायच्या दोन तास आधी जेवण बंद. शेजारचे पाटील काका जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे, त्यांना याचं फार कौतुक, "बघा, जनावराला कळतंय ते माणसाला कळंना." मग एकदा त्यांनी वाटीत वळवळतंय ते काय ते वाकून बघितलं. आता नुसतंच कसं काय म्हणतात.

2024 च्या जुलैत पंचगंगेनं 43 फुटाची धोका पातळी ओलांडली तेव्हा मंडईत पाला मिळेना आणि लाईटचाही भरवसा नाही. लोक गॅस, दूध, मेणबत्त्या भरून ठेवत होते आणि मी इन्व्हर्टरवर सरड्याचा दिवा चालंल काय म्हणून इलेक्ट्रिशियनला फोन. तो जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. दाजींनी चार दिवस जास्वंदीवर काढले, तक्रार नाही.

पण सगळ्यात घाम फुटलेला प्रसंग हा नव्हे. मे महिन्याच्या शेवटी खालच्या मजल्यावरचा बारका घरच्यांसोबत राधानगरी-दाजीपूरला काजवे बघायला गेलेला. ती झाडं लखलखताना बघितली नसतील तर एकदा जाऊन याच, मी काय सांगू. तर हे पोरगं येताना पाण्याच्या बाटलीत सात-आठ काजवे घेऊन आलं आणि थेट वर, "काका, दाजीपूरचा खाऊ आणलाय दाजींना!" एवढ्या प्रेमानं. मी अक्षरशः बाटली हिसकावून घेतली, ते बिचारं रडायला लागलं. काजव्यात विष असतं, बेडकाच्या कातडीतल्या विषाच्या जातीचं, थेट हृदयावर जातं. अमेरिकेत काजवा खाऊन हे ड्रॅगन मेल्याची नोंद आहे. आपला काजवा त्यांच्यापेक्षा वेगळा असंल, पण प्रयोग कुणाच्या दाजींवर करायचा? आणि वाळवंटातल्या ह्या खुळ्याला चमकणारं काहीतरी हललं की जीभ बाहेर, एवढंच ठाऊक. नंतर पोराला आईस्क्रीम दिलं, काजवे मागच्या आवारातल्या झाडावर सोडले, दोन रात्री दिसले.

डिसेंबरात दाजींनी खाणं सोडलं. भाच्याच्या पानावर शेवटच्या ओळीत लिहिलेलं होतं की थंडीत हे सुस्तावतात, आठवडेच्या आठवडे खात नाहीत, वजन उतरत नसेल तर घाबरू नका. पण वाचलेलं वेगळं आणि समोर भरलेली वाटी तशीच परत जाताना बघणं वेगळं. आईनं मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका आम्हा सगळ्यांना लागला, दाजींनी डोळापण उघडला नाही. महिन्याभरानं एका सकाळी उठून बसले आणि भोपळा खाल्ला, श्रेय अर्थातच मिरच्यांना गेलं.

आणि मग वजन वाढायला लागलं. आम्ही दर रविवारी किचनच्या काट्यावर ठेवतो, 440 ग्रॅमचे दाजी उन्हाळ्यापर्यंत 560 झाले, पोट जमिनीला घासायला लागलं. मला वाटलं बरं झालं, अंग धरलं. डॉक्टर म्हणाले लिव्हरवर चरबी चढंल अशानं, किडे किती घालताय? मी म्हणालो आठवड्यातून दोनदा, मोजून. घरी येऊन सुपरवर्मचा डबा मोजला. सुपरवर्म म्हणजे किड्यातली बासुंदी, नुसती चरबी. दुपारी आम्ही दोघं कामावर गेलो की आई रोज दोन, कधी तीन, "वाईच तोंड गोड" म्हणून. विचारलं तर मान्यच केलं तिनं, लपवलं नाही. "माझ्याकडं असा बघतंय ते. तुला न्हाई बघत." यावर काय बोलणार. डबा आता कपाटाच्या वरच्या फळीवर असतो, तिचा हात पोचत नाही तिथं.

आखाडात ताई आणि मोठे दाजी, म्हणजे खरे, जेवायला आले. दाजी तरुणपणी तालमीतले, चार मैदानं मारलेली, आता शुगर. ताईनं दारातच फर्मान काढलं, ह्यांना पांढरा रस्सा अर्धी वाटी, मटणाचे दोनच पीस, भाकरी एक, आणि ती मेथी जास्त वाढ. दाजी काही बोलले नाहीत, ताट घेऊन पेटीसमोरच्या खुर्चीत जाऊन बसले. आत छोटे दाजी मुळ्याचा पाला चावत होते.

"ह्येला मटण न्हाई?"

"न्हाई दाजी, पालाच."

"कुणी सांगितलं?"

"डॉक्टरनी."

बराच वेळ दोघं एकमेकांकडं बघत बसले. मग आतल्यांची दाढी काळी झाली, मान जोरजोरात वर-खाली, म्हणजे हद्द माझी, तू कोण. दाजी म्हणाले, "आयला, आव्हान देतंय की!" ताट बाजूला ठेवलं, उभे राहिले आणि मांडीवर असा खणखणीत शड्डू ठोकला की ताई आतून पळत आली, "काय झालं? काय पडलं?" आणि सगळे पेटीकडं बघत हसत असताना आई मागच्या मागं आली, दाजींच्या वाटीत पळीभर पांढरा रस्सा आणि दोन पीस टाकले आणि पदराला हात पुसत गेली.

मी बघितलं. दाजींनीपण बघितलं.